रविवारी बंद पडणारी गाडी

त्या गाडीला नऊ वर्षं झाली होती, आणि या नऊ वर्षांत पियानो ट्यूनरने तिचं इतकं कौतुक केलं होतं की ओळखीची माणसं त्याला लांबून पाहिलं की रस्ता बदलायची. हायब्रिड एसयूव्ही होती ती. पुढे पेट्रोलचं इंजिन, मागच्या सीटखाली मोठी बॅटरी, आणि कधी कुणी ओढायचं हे दोघं आपापसात गुण्यागोविंदाने ठरवणार. "आपल्या घरात अशी सोय असती तर काय बहार आली असती," असं तो एकदा बायकोसमोर म्हणाला. पुन्हा कधी म्हणाला नाही.

खरं कारण वेगळंच होतं. ट्यूनरचा धंदा कानाचा. दिवसभर लोकांच्या दिवाणखान्यात बसून दोनशेवर तारा एकेक करून पिळायच्या, आणि घरमालक चहा विचारायला आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. संध्याकाळपर्यंत कान पार शिणून जायचे. अशा वेळी गाडीत बसायचं, बटण दाबायचं आणि काहीही ऐकू यायचं नाही, हे सुख त्याला दुसऱ्या कुठल्याच वाहनाने दिलं नव्हतं. पहिल्या वर्षी तर गाडी चालू झालीये हेच त्याला कळायचं नाही, आणि तो पुन्हा बटण दाबून ती बंद करायचा. सासूबाई त्याहून वरचढ. गाडी फाटकातून बाहेर पडून चौकापर्यंत आली तरी त्या मागून विचारायच्या, "जावईबापू, निघायचं कधी?"

बाकी गाडीने कशाला नाव ठेवू दिलं नव्हतं. वेग कमी करताना ती स्वतःच बॅटरी भरून घेते, त्यामुळे ब्रेकवर भार कमी, आणि नऊ वर्षांत ब्रेकचे पॅड एकदाच बदलावे लागले. पुढची छोटी बॅटरी दोनदा मेली, पण दोन्ही वेळा लेकीने आतला दिवा लावून वाचत बसल्यामुळे. डाव्या बाजूला एक लांबलचक ओरखडा होता, तो बायकोच्या शाळेच्या फाटकाचा. बायको त्या शाळेची मुख्याध्यापिका होती. फाटक चुकीच्या जागी आहे असं तिचं ठाम मत होतं आणि तसं तिने संस्थेला लेखी कळवलंही होतं.

अशी ही गुणाची गाडी गेल्या दोन महिन्यांपासून रविवारी बंद पडायला लागली.

सोमवार ते शनिवार बिनतक्रार. रविवारी सगळे मिळून मावशीकडे जायला निघाले, की टेकडीच्या चढावर गाडी आधी कुरकुरायची, मग इंजिन एकटंच घरघरत राहायचं, आणि शेवटी समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटायची: बॅटरी तापली आहे, गाडी सुरक्षित जागी थांबवा. मग सगळ्यांनी कडेला उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांनी काचा खाली करून सल्ले द्यायचे, आणि वीस मिनिटांनी गाडी काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू व्हायची. मावशी सासूबाईंची धाकटी बहीण. ती टेकडीच्या माथ्यावर राहायची आणि गॅलरीतून हा सगळा तमाशा दुर्बिणीने बघायची.

मेकॅनिकने गाडी तीनदा तपासली. बॅटरी ठणठणीत, पंखा ठणठणीत, जाळी स्वच्छ.

"साहेब, गाडीला काही नाही," तो म्हणाला. "रविवारी वेगळं काय करता तुम्ही?"

"काही नाही. सासूबाई असतात फक्त."

मेकॅनिकने हात पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "वजन किती असेल?"

हा प्रश्न सासूबाईंना विचारण्यापेक्षा ट्यूनरने चालत्या गाडीतून उडी मारणं पसंत केलं असतं. म्हणून त्याने अंदाज बांधला. मंगळवारी बायकोने घरी तपासायला आणलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आपली हत्यारांची पेटी आणि जुन्या पियानोतून निघालेल्या लोखंडी पिना असं सगळं मागच्या सीटवर रचलं, वजन सासूबाईंइतकं होईलसं वाटेपर्यंत भर घातली आणि वर पट्टा लावला. टेकडी चढून उतरला, पुन्हा चढला. गाडी वाऱ्यासारखी. फक्त एका वळणावर इयत्ता नववीचा भूगोल पट्ट्यातून निसटून पायाशी सांडला. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने भीतभीत निष्कर्ष काढला, की दोष वजनाचा नसून स्वभावाचा असावा. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही, आणि तेच त्याच्या तब्येतीला बरं होतं.

बायकोचा संयम मात्र संपला होता. तिने जेवणाच्या टेबलावर नोटीस काढली. तोंडीच, पण तिच्या तोंडच्या नोटिशीलाही खाली सही आहे असं वाटायचं.

"अहो, ही शेवटची ताकीद. रविवारपर्यंत दोष सापडला तर गाडी ठेवू. नाही सापडला तर समोरचे डॉक्टर घ्यायला तयार आहेत. मी त्यांना सगळं खरं सांगितलंय. ते म्हणाले, स्वतः चालवून बघतो, टेकडीवर नीट गेली-आली तर घेतो."

समोरचे डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. माणूस सज्जन, पण दिवसभर ड्रिल चालवून चालवून त्याला आवाजाचं काही वाटेनासं झालं होतं. घरी रेडिओ, टीव्ही आणि मिक्सर एकदम लावून तो शांतपणे पेपर वाचायचा. असल्या माणसाच्या हाती ही गाडी जाणार, हा विचारच ट्यूनरला सहन होईना. ते चार दिवस तो ग्राहकांकडे गेला तेव्हा निम्मे पियानो त्याने थोडे उतरत्या सुरात लावून ठेवले. कुणाला कळलं नाही, पण त्याला कळलं, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं.

रविवार उजाडला. डॉक्टर स्टीयरिंगवर बसले. बायको कागदपत्रं मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी. ट्यूनर सासूबाईंबरोबर मागे. नऊ वर्षांत तो आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसला होता, आणि पाहुण्यासारखा अवघडला होता. सासूबाई ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी. ती जागा आधी नातीची. नात तीन महिन्यांपूर्वी शिकायला परगावी गेली आणि आजी मधल्या जागेवरून सरकून खिडकीशी आली. शाल गुडघ्यांवर, विणकामाची पिशवी पायाशी, सुया चालू. सासूबाई जागेपणी विणत नाहीत असा क्षण त्या घराने पाहिलेला नव्हता. किटलीला टोपरं, रिमोटला झबलं, दाराच्या कड्यांना मोजे. एकदा मेकॅनिकने गाडी परत दिली तेव्हा गिअरच्या दांड्याला लोकरी टोपी होती, आणि त्या बिचाऱ्याने तीही नीट धुऊन परत बसवली होती.

चढ लागला. डॉक्टर काहीतरी बोलत होते, बायको उत्तरं देत होती. ट्यूनर डोळे मिटून बसला होता, आणि म्हणूनच त्याला ते ऐकू आलं.

सीटखाली पंखा होता. बॅटरी गार ठेवायला तो सीटच्या कडेच्या जाळीतून आतली हवा ओढून घेतो, हे त्याला ठाऊक होतं. पुढे बसून मात्र त्याला त्या पंख्याचा आवाज आजवर कधी आला नव्हता. पंखा बारीक गुणगुणत होता. पण गुणगुण चढत होती. पाव सूर, अर्धा सूर, आणि आता जवळजवळ पूर्ण सूर वर. ट्यूनरने डोळे उघडले. एवढं तर तो झोपेतही सांगू शकला असता. असा आवाज श्वास कोंडलेल्या पंख्याचा.

तो बूट बांधायच्या निमित्ताने वाकला. सासूबाईंच्या घोट्याशी, सीटच्या कडेला, जिथे जाळी असायला हवी, तिथे लोकरीचं आवरण होतं. सीटच्याच राखाडी रंगाचं, कडेला काळी किनार, चार कोपऱ्यांना चार बटणं, आणि इतकं तंतोतंत मापाचं की कारखान्यातूनच आलं असावं. मागे एकदोन रविवारी सासूबाईंचं दार उघडताना त्याची नजर त्यावर पडलीही होती. गाडीचाच काहीतरी भाग असेल असं समजून त्याने ते मनातल्या मनात वाखाणलंही होतं.

आणि मग त्याच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. खिडकीशी बसायला लागल्यापासून महिनाभर सासूबाई म्हणत होत्या. "जावईबापू, तुमची गाडी माझी शाल ओढते." एकदा नाही, दर रविवारी. तो हसून म्हणायचा, "असं होय!" बायको म्हणायची, "आई, काहीतरीच काय!" शेवटी म्हाताऱ्या बाईने कुणाला त्रास न देता स्वतःच बंदोबस्त केला होता. गाडीत बसलं की बटणं लावायची, उतरताना काढून धुवायला न्यायचं. म्हणून मेकॅनिकला जाळी दर वेळी स्वच्छ, मोकळी दिसायची.

पुढे इंजिन घरघरू लागलं. "हं, सुरू झालं बघा," बायको डॉक्टरांना म्हणाली.

ट्यूनरने खाली हात घातला आणि एक, दोन, तीन, चार बटणं काढली. पंख्याने मोठा श्वास घेतला आणि सूर झरझर खाली आला. आवरण त्याने गुपचूप कोटाच्या खिशात कोंबलं. वर पाहिलं तर सासूबाईंच्या सुया थांबल्या होत्या. त्या त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या.

इंजिन शांत झालं. गाडी मुकाट्याने टेकडी चढून माथ्यावर पोचली. गॅलरीतल्या मावशीने निराश होऊन दुर्बीण खाली ठेवली.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "कुठे काय बिघडलंय? फर्स्ट क्लास गाडी आहे. मी घेतली."

बायकोने मागे वळून पाहिलं. कितीही कडक असली तरी ती दगड नव्हती, आणि नवऱ्याचा चेहरा तिला दिसत होता. "अहो, खरं सांगा. दोष सापडला का तुम्हाला? सापडला असेल तर मी आत्ता डॉक्टरांना नाही म्हणते."

आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. खिशातून ते लोकरीचं चौकोनी काम काढून दाखवायचं, की गाडी त्याची. पण त्याला वॉशिंग मशीनची गोष्ट आठवली. सहा वर्षांपूर्वी बायकोने पाहुण्यांसमोर आईला म्हटलं होतं, "अगं, चुकीचं बटण दाबलंस." त्या दिवसापासून सासूबाईंनी त्या मशीनला हात लावला नव्हता. हातानेच धुवायच्या. इथे तर परका माणूस पुढे बसलेला, आणि गोष्ट वॉशिंग मशीनची नाही, दोन महिन्यांच्या आठ रविवारांची. त्याने तोंड उघडलं असतं तर त्या या गाडीत पुन्हा पाऊल ठेवणार नव्हत्या. आणि रविवार सोडला तर त्यांचं घराबाहेर पडणं ते काय होतं?

"नाही," ट्यूनर म्हणाला. "नाही सापडला."

हे बोलताना त्याला रडू कोसळेल असं वाटलं. पन्नाशीच्या माणसाने गाडीसाठी रडणं शोभत नाही, म्हणून तो खिडकीबाहेर बघत राहिला. मावशीकडे चहा झाला. डॉक्टरांनी मावशीची दाढ फुकट तपासली आणि काढावी लागेल असं सांगितलं. मावशीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. सगळे परत निघाले.

उतार लागला. उताराला ही गाडी भराभरा बॅटरी भरून घेते आणि बॅटरी भरताना तापते, म्हणून पंखा पुन्हा जोरात सुरू झाला. ट्यूनर शेवटचं म्हणून ऐकत बसला. पहिल्या वळणाला सूर ठीक होता. दुसऱ्या वळणाला थोडा चढला. त्याला वाटलं, मन खंतावलंय, म्हणून भास होतोय. तिसऱ्या वळणाला पंखा सरळ किंचाळायलाच लागला.

त्याने खिसा चाचपला. आवरण खिशातच होतं. त्याने खाली पाहिलं.

जाळीवर दुसरं आवरण होतं. तसंच राखाडी, तशीच काळी किनार, चारही बटणं कडेकोट लावलेली. आणि त्यावर खबरदारी म्हणून विणकामाची पिशवी रेटून ठेवलेली. सासूबाई निरागस चेहऱ्याने बाहेरची झाडं मोजत होत्या.

त्याने डोळे विस्फारून त्यांच्याकडे पाहिलं. त्या किंचित त्याच्याकडे झुकल्या आणि ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "दोन विणते मी नेहमी. एक धुवायला टाकलं की दुसरं लागतं."

समोर लाल अक्षरं उमटली. डॉक्टरांनी घाबरून जोरात ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली आणि पटकन खाली उतरले. बॅटरी तापली आहे हे वाक्य त्यांनी तीनदा मोठ्याने वाचलं. मग त्यांना अचानक एका रोग्याची अक्कलदाढ आठवली. रविवारी दवाखाना बंद असतो, याची बायकोने त्यांना आठवण करून दिली. अक्कलदाढेला वार नसतो, असं सांगून ते मागून आलेल्या बसमध्ये चढले, आणि खिडकीतून हातही हलवला नाही.

गाडीत तिघंच उरली. बायको कागदपत्रं घट्ट धरून बसली होती. पाठमोरी असली तरी ती चिडली आहे हे तिच्या अंबाड्यावरून कळत होतं.

"उद्या भंगारात," ती म्हणाली.

"भंगारात कशाला?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी बाजूला केली, सावकाश चारही बटणं काढली आणि आवरण लेकीच्या मांडीवर, कागदपत्रांवर ठेवलं. "गाडीला काही झालेलं नाही. हे मी केलंय. पायाशी सारखा वारा ओढायचा, म्हणून विणलं. त्याने ती तापते, हे मला आज कळलं. जावईबापूंना जाताना कळलं होतं. बोलले नाहीत. माझी लाज राखायला गाडी सोडायला निघाले होते."

बायकोने आवरण उलटसुलट करून पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. ट्यूनरने खिशातून दुसरं काढून जोडी पुरी केली.

"अगं, पण मग परत का लावलंस?" बायकोला हसावं की रागवावं ते ठरेना. "आता तर तुला कळलं होतं!"

"लावलं म्हणून तर डॉक्टर गेले. ही गाडी मला जाऊ द्यायची नव्हती."

"गाडीचं तुला काय? तू तर दर रविवारी तिला नावं ठेवतेस."

 सासूबाई शालीची झालर बोटांनी सारखी करत राहिल्या.

"तुझ्या भावाच्या गाडीत मला काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "बसमध्येही नाही. घरात तो पंखा, तो टीव्ही, ते मशीन. दोन वर्षं झाली. तुम्ही सगळे बोलता, मी मान हलवते. कुणी हसलं की हसते. या गाडीत आवाज नसतो. रविवारचा जायचा-यायचा तेवढा दीड तास मला कळतं, तुम्ही काय बोलताय ते."

 सुरांमधला केसाएवढा फरक ओळखणारा ट्यूनरचा कान, आणि घरातलंच माणूस दोन वर्षं नुसती मान हलवतंय हे त्या कानाला कळलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने सासूबाईंचा हात हातात घेतला. असं त्याने लग्नाच्या दिवसानंतर कधी केलं नव्हतं, आणि त्यांनीही तो सोडवून घेतला नाही.

पडद्यावरची लाल अक्षरं विझली. बायको ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. तिने नाक पुसलं, बटण दाबलं, आणि गाडी नि:शब्द रस्त्याला लागली. मग प्रार्थनेच्या वेळी मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या वर्गाला ऐकू जावं, अशा आवाजात ती एकेक अक्षर सुटं करून ओरडली, "आई! हे तू! आधी! का नाही! सांगितलंस?"

ट्यूनरने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"ओरडतेस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "या गाडीत मला सगळं ऐकू येतं."